वाचकांचे प्रश्न : समुदाय विकासाची ऑनलाइन पदवी

समुदाय विकास, ग्रामीण विकास, समाजकार्य या विषयांत घरून एमए करण्याबद्दल पेडण्यापासून काणकोणपर्यंतची पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

बीएला समाजशास्त्र होते. जाहिरातींत समुदाय विकास, ग्रामीण विकास, समाजकार्य अशी वेगवेगळी नावे दिसतात. अभ्यासक्रम काढून बघितला तर निम्मे विषय तेच. मग फरक कशात?
— डिचोली

निम्मे विषय तेच आहेत, हे तुम्ही बरोबर हेरले. फरक आहे तो पदवीवर काय छापले जाते यात, आणि क्षेत्रकार्य, म्हणजे गावात-वस्तीत जाऊन करायचे प्रत्यक्ष काम, किती आहे यात.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, ही व्यावसायिक पदवी. तिच्यात पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली क्षेत्रकार्य करावेच लागते, ते टाळता येत नाही. ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कायद्याने कल्याण अधिकारी नेमावा लागतो. ही जागा, किंवा रुग्णालयातली वैद्यकीय समाजसेवकाची जागा, यांच्या पात्रतेत बहुधा समाजकार्याची पदवी नाव घेऊन मागितलेली असते. तिथे एमए समुदाय विकास दाखवून ‘दोन्ही एकच हो’ म्हटलेले चालत नाही. संस्थांत, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या प्रकल्पांत किंवा पंचायत प्रशिक्षणाच्या कामात मात्र तिन्ही पदव्या साधारण सारख्याच धरल्या जातात. तेव्हा आधी डोळ्यांसमोरच्या नोकरीची एखादी जुनी जाहिरात शोधा, तिच्यातला पात्रतेचा परिच्छेद वाचा आणि मग पदवी निवडा. बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात.

गोव्याच्या विद्यार्थ्याला आणखी एक अडचण येते. या विषयाची भारतातली पाठ्यपुस्तके २ ऑक्टोबर १९५२ पासून सुरू होतात. त्या दिवशी देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. मग १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, मग ७३ वी घटनादुरुस्ती. १९५२ साली गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. गटविकासाची ती चौकट आपल्याकडे मुक्तीनंतर आली आणि पंचायतराज कायदा १९९४ चा. शिवाय २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी. ज्यांना जनगणना ‘गाव’ म्हणत नाही अशा कितीतरी ठिकाणी कारभार पंचायतीकडेच आहे. पुस्तकातले ‘ग्रामीण’ आणि आपल्याकडचे वाडे यांच्यात हे अंतर राहणारच. त्याची तक्रार कशाला करायची? प्रबंधासाठी याहून चांगला विषय मिळायचा नाही.

एका सल्लागार केंद्राने ‘एक वर्षात एमए, युजीसीमान्य, परीक्षा घरून’ असे सांगितले. खरे-खोटे कसे ओळखायचे?
— म्हापसा

एक वर्षात एमए हे ऐकताच उठून यायला हवे होते. तीन वर्षांच्या पदवीनंतरची एमए किमान दोन वर्षांची असते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एक वर्षाची एमए नव्या धोरणात आहे, पण ती प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक विषयात मिळत नाही. तुम्ही तीन वर्षांचे बीए असाल तर विषय तिथेच संपला.

‘युजीसीमान्य’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेले, या शब्दाने काही सिद्ध होत नाही. विद्यापीठ मान्य असते, अभ्यासक्रम मान्य असेलच असे नाही. आणि दूरस्थ शिक्षणाला मान्यता असली तरी ऑनलाइनला असेलच असे नाही. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर दर सत्राची यादी असते. तिच्यात चार गोष्टी एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत : विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) आणि सत्र (जानेवारी की जुलै, कोणते वर्ष). गेल्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असे नाही. त्या पानाची तारखेसह छायाप्रत काढून ठेवा, पाच वर्षांनी नोकरीच्या वेळी कागदपत्र तपासणीत तीच कामाला येते.

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी-आयडी लागतो. तो काढण्याआधी डिजिलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा क्रमांक काढावा लागतो. हे दोन्ही क्रमांक तुम्ही स्वतः, स्वतःच्या मोबाइलवर काढा. केंद्रवाल्याने त्याचा मोबाइल नंबर टाकून काढून दिला, की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याच हातात.

इथे गोव्यात हमखास अडकते ते नाव. शाळेच्या दाखल्यावर गांवकर वेगळ्या इंग्रजी स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याच. नाईक, प्रभुदेसाई यांचेही तेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे तर तीन कागदांवर तीन प्रकार. जुळणी संगणक करतो, त्याला समजूत घालता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे पदवीच्या गुणपत्रिकेवर जसे नाव आहे तसे आधारवर करून घ्यायचे आणि मग अर्ज भरायचा. गुणपत्रिका बदलायच्या मागे लागलात तर सत्र निघून जाईल.

पैसे फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून, विद्यापीठाच्याच खात्यात. मान्य विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचाइझीने चालवायला देता येत नाही. म्हणून ‘आमच्या केंद्राची पावती चालते’ असे कुणी म्हणाले की समजायचे ते समजा.

मान्य मार्गाने मिळवलेल्या पदवीचे काय? युजीसीच्या २०२० च्या नियमावलीतील नियम २२ नुसार दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, आणि २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनेत युजीसीने ते पुन्हा स्पष्ट केले. या सूचनेची प्रत पदवीच्या फाइलमध्येच लावून ठेवा. समोरच्या कारकुनाने ती वाचलेली नसते.

अंगणवाडीत सेविका आहे. पदवी मराठीतून झाली, इंग्रजी वाचता येते पण लिहिताना हात अडतो. मराठीतून हे शिक्षण आहे का? दिवसाला किती वेळ द्यावा लागेल?
— वाळपई

मराठीतून शिकवणारे मोठे मुक्त विद्यापीठ म्हणजे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो. गोव्यात त्याचे अभ्यासकेंद्र आहे असे कुणी सांगितले तर त्याला लेखी आदेश मागा. सीमेवरच्या पेडण्यातून सावंतवाडीला जाऊन संपर्कसत्र आणि परीक्षा द्यायची तयारी असलेल्यांनी गोव्याच्या रहिवाशाला प्रवेश मिळेल का, हे आधी विद्यापीठाकडून ईमेलने लिहून घ्यावे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीची अट नाही, म्हणून मराठी माध्यमाचा ऑनलाइन अभ्यासक्रम डीईबीच्या यादीत दिसला तर तो गोव्यातूनही करता येतो.

दुसरा पर्याय इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. त्यांचे पणजी प्रादेशिक केंद्र पर्वरीला आहे. ग्रामीण विकासाची एमए इंग्रजी आणि हिंदीतून करता येते. मराठीतून नाही, आणि स्वाध्याय (घरून लिहून द्यायची उत्तरे) निवडलेल्या माध्यमातच लिहावे लागतात. मराठीतून पदवी झालेल्यांना आम्ही हिंदी सुचवू : लिपी तीच, अर्ध्याहून जास्त पारिभाषिक शब्द तेच. मात्र हिंदीतली ‘नियोजन’, ‘मूल्यांकन’ पद्धतीची भाषा रुक्ष असते. पहिला महिना ती वाचायची सवय करण्यात जातो, त्याने घाबरू नका.

वेळेचा हिशेब असा. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांच्या एका पेपरला १८० तास. रोज दोन तास दिलेत तर एक पेपर ९० दिवस खातो. वर्षाला चार पेपर असतील तर रोज दोन तासांत जेमतेम बसते, पाच असतील तर बसत नाही. त्यात चतुर्थीचे दिवस, पल्स पोलिओ, मतदारयादीचे काम काढून टाका, तुम्हाला ते सांगायला नको. म्हणून दोन वर्षांचा हट्ट धरू नका. इग्नूत एमएला जास्तीत जास्त चार वर्षे मिळतात. तीन वर्षांचे गणित मांडलेत तर ते पाळता येईल.

गुण ३० टक्के स्वाध्यायाचे, ७० टक्के सत्रान्त परीक्षेचे. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, केंद्रावर जाऊन, पेनाने. स्वाध्यायाच्या नेहमीच्या मुदती ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर. त्या वाढतात हे सगळ्यांना माहीत असते आणि त्यातच लोक बुडतात. सगळ्यात जास्त चूक होते ती प्रश्नपत्रिकेच्या वर्षाची : मैत्रिणीकडून मागच्या सत्राचे प्रश्न आणायचे, चाळीस पाने हाताने लिहायची आणि ती नाकारली जायची. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर तुमचेच सत्र छापले आहे ना, एवढे बघूनच पेन हातात घ्या.

मी तारवटी. वर्षातले आठ महिने जहाजावर असतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांची याच विषयातली ऑनलाइन एमए बघितली. ती घ्यावी का?
— मडगाव

अमेरिकेत या विषयाचे ऑनलाइन शिक्षण जुने आणि चांगले रुळलेले आहे. आयोवा स्टेट, कॅन्सस स्टेट, नेब्रास्का-लिंकन अशा विद्यापीठांनी ‘ग्रेट प्लेन्स आयडिया’ या नावाने एकत्र येऊन समुदाय विकासाची पदवी चालवली : प्रवेश एका विद्यापीठात, वर्ग सगळ्यांचे. पेन स्टेटचीही समुदाय आणि आर्थिक विकासाची ऑनलाइन पदवी आहे. ही विद्यापीठे खरी, शिक्षण खरे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतर तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली, ही पदवी कुठे वापरणार? परदेशी पदवीला भारतात समकक्षता देण्याचे काम २०२५ च्या नियमावलीने युजीसीकडे आले. ऑनलाइन मिळवलेल्या परदेशी पदवीच्या भरवशावर गोव्यात सरकारी नोकरीचे स्वप्न बांधू नका. भारतातल्या एखाद्या शिक्षण कंपनीमार्फत परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी मिळत असेल तर सरळ नाही म्हणा : असे संगनमत मान्य नाही, असे युजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. पोर्तुगाल किंवा कॅनडात स्थायिक व्हायचा बेत असेल तर मामला वेगळा, पण तिथल्या मूल्यांकन संस्थेला आधी विचारा.

दुसरी, वेळ. अमेरिकेच्या मध्य भागातल्या विद्यापीठात संध्याकाळी सातला वर्ग असेल तर गोव्यात त्यांच्या हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. घरी असताना हे जमेल. जहाज घड्याळ बदलत जाते, तुमची पाळीही बदलते, म्हणून थेट वर्गांची सक्ती असलेला अभ्यासक्रम तारवटीच्या कामाचा नाही. ‘असिंक्रोनस’, म्हणजे आपल्या सोयीने व्हिडिओ बघून आठवड्याअखेर काम सादर करायचे, अशीच रचना शोधा. त्यातही परीक्षेची पद्धत विचारा. कॅमेऱ्यावर नजर ठेवून घेतलेली परीक्षा जहाजाच्या उपग्रह इंटरनेटवर मध्येच तुटते, आणि तुटली की संशय विद्यार्थ्यावर. निबंध आणि प्रकल्पांवर गुण देणारे पेपर आधी घ्या, परीक्षेचे पेपर सुट्टीवर असताना.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमाच्या आशयाची. तिथे ‘सामुदायिक भांडवले’ हा साचा फार वापरतात : नैसर्गिक, सांस्कृतिक, मानवी, सामाजिक, राजकीय, आर्थिक आणि बांधीव अशी सात. साचा उपयोगी आहे. ‘गावात काय नाही’ऐवजी ‘गावाकडे काय आहे’ इथून सुरुवात करायला तो शिकवतो. पण त्यांची उदाहरणे छोट्या अमेरिकन शहरांची : नगर परिषद, मालमत्ता कर, ओस पडलेली बाजारपेठ. कोमुनिदादीची, म्हणजे गांवकारांच्या सामाईक मालकीची, जमीन या सातांतल्या कोणत्या खान्यात टाकायची? ती नैसर्गिक भांडवल आहे, आर्थिक आहे, गांवकारांच्या हक्कामुळे राजकीयही आहे. खाजन शेतीचा (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतीचा) बांध आणि मानस (पाण्याचे दार) बांधीव म्हणायचे, पण ते राखणारी कुळांची संघटना मोडली की बांध एका पावसाळ्यात फुटतो. हा वाद तुम्ही तिथल्या वर्गात घातलात तर गुण चांगले मिळतील, एवढे नक्की.

सुट्टी जून किंवा डिसेंबरात घेता येत असेल तर इग्नूच पत्करा. खर्चाची तुलनाच नाही.

दोन पदव्या एकाच वेळी करता येतात का?
— फोंडा

हो, एप्रिल २०२२ पासून. एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, किंवा दोन्ही ऑनलाइन. करता येतात म्हणून कराव्यात असे नाही, वरचा तासांचा हिशेब दोनाने गुणा.

समुपदेशनाकडे वळायचे आहे. मानसशास्त्राची एमए ऑनलाइन करू?
— वास्को

नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, आहारशास्त्र आणि आरोग्याशी जोडलेले इतर विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला युजीसीने मनाई केली आहे. अजून कुणी प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका.

प्रथम वर्षाला ‘सहभागी ग्रामीण समीक्षा’ (गावच्या लोकांकडूनच गावाचे नकाशे, तक्ते काढून घेणे) हे प्रात्यक्षिक आहे. ऑनलाइन शिकवले, व्हिडिओ दाखवला, पण प्रत्यक्ष माझ्या गावात करायला गेले तर चारच माणसे आली आणि ती सगळी पंचाच्या घरातली. काय चुकले?
— केपे

तुमच्या पत्रात लिहिले आहे की बैठक रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात ठेवली होती आणि निरोप पंचामार्फत दिला होता. चुकले ते तिथेच.

जागेपासून सुरू करू. देवळाच्या मंडपात महाजन कोण, कुणी कुठे बसायचे हे शतकांपूर्वी ठरलेले असते. काही वाड्यांवरचे लोक कडेला उभे राहतात किंवा येतच नाहीत. चर्चच्या सभागृहाचे आणि पंचाच्या बल्कांवाचेही (घरापुढच्या ओसरीचेही) तेच. शाळेचा व्हरांडा, अंगणवाडी किंवा वाड्यावरच्या एखाद्या आंब्याखालची जागा घ्या. एका गावाला एक बैठक हा हिशेबच सोडा आणि वाड्याला एक बैठक धरा. निरोप स्वतः घरोघर जाऊन, आदल्या दोन दिवसांत. पंचायतीला पत्र द्या, ते सौजन्य म्हणून आवश्यकच, पण निरोप्याचे काम पंचायतीला देऊ नका.

वेळ. काजूच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे सकाळी माणूस बागेत असतो, बोंडू गोळा करून दुपारपर्यंत परततो. रविवारी सकाळी ख्रिस्ती वाड्यावर मिसा. लावणीच्या दिवसांत कुणालाच वेळ नाही. मासेमारीच्या गावात उलट : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, पुरुष घरी, याच दिवसांत बैठका भरतात. बायकांची बैठक वेगळी, दुपारी तीन ते साडेचार, आणि त्यांचा नकाशाही वेगळा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की लक्षात येते, पुरुषांच्या नकाशात रस्ता आणि मैदान मोठे असते, बायकांच्या नकाशात विहीर, नळ आणि रेशन दुकानापर्यंतची पायवाट.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी शिवारफेरी : गावातली तीन-चार माणसे बरोबर घेऊन डोंगरमाथ्यावरून खाली नदीपर्यंत सरळ चालायचे, अडीच-तीन तास. आपल्याकडे उभा छेद सुरेख मिळतो : सडा, काजू, कुळागर, घरे, मोरड, खेर, खाजन, बांध, पाणी. प्रत्येक पट्ट्यात थांबून चारच प्रश्न. इथे काय पिकते, पाणी कुठले, जमीन कुणाची धरतात, दहा वर्षांत काय बदलले. जमिनीच्या प्रश्नाला जपून. आपल्याकडे नकाशा घेऊन फिरणारा परका माणूस म्हणजे जमीन विकत घ्यायला आलेला, असेच लोक धरतात, आणि त्यांचे फार चुकते असेही नाही. नकाशावर सर्व्हे नंबर कधीही लिहू नका. विद्यापीठाचे पत्र खिशात ठेवा आणि कुणी विचारण्याआधीच दाखवा.

दुसऱ्या दिवशी सामाजिक नकाशा. सामान : चार रंगांची रांगोळी प्रत्येकी अर्धा किलो, खडू, चिंचोके, पाने, खडे. माणसे आठ ते बारा. वीस आली तर दोन गट करा. पहिली रेघ तुम्ही ओढू नका. ‘हे देऊळ, हा रस्ता’ म्हणून तुम्ही सुरुवात केली की पुढचा नकाशा तुमचा होतो. रांगोळी गावच्या माणसाच्या हातात द्या आणि पाच मिनिटे गप्प राहा. ती पाच मिनिटे फार लांब वाटतात. शिक्षकाने किंवा पंचाने रांगोळी धरून ठेवली तर त्यांना बाजूला घेऊन गावाच्या इतिहासाबद्दल मुलाखत घ्या. मानही राहतो आणि रांगोळी मोकळी होते. नकाशा पूर्ण झाला की लगेच छायाचित्र, आणि तिथेच बसून कागदावर नक्कल. ‘घरी जाऊन काढू’ म्हणेपर्यंत कुत्रे चालून जाते किंवा सर येते.

तिसऱ्या दिवशी हंगामी पत्रक : बारा महिन्यांच्या बारा चौकटी, प्रत्येक विषयाला २० चिंचोके, ज्या महिन्यात जास्त तिथे जास्त टाकायचे. मिळकत, खर्च, आजार, काम, कर्ज. सरद (पावसाळी) आणि वायंगण (रब्बी) ही दोन्ही पिके घेणाऱ्या वाड्याचे आणि एकच घेणाऱ्याचे पत्रक वेगवेगळे करा.

शेवटी जोडीने क्रम लावायचा. सहा अडचणी घेतल्या तर १५ तुलना होतात, आठ घेतल्या तर २८. अठ्ठावीसला लोक उठून जातात. सहावर थांबा. अडचणींची यादी त्यांच्या बोलण्यातून आलेली हवी. ‘पाण्याची अडचण आहे का?’ असे विचारले तर जगातल्या कुठल्याही गावात उत्तर ‘आहे’ असेच येते.

खाणपट्ट्यात एक अधिकची काळजी घ्या. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले. या दोन तारखांभोवती ट्रकमालक आणि शेतकरी यांच्या आठवणी एकमेकांविरुद्ध उभ्या राहतात. दोघांना एका बैठकीत बसवून कालरेषा काढायला गेलात तर भांडण होईल, कालरेषा होणार नाही.

प्रबंधासाठी ६० कुटुंबे घ्यायला सांगितली आहेत. पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून निवडली, तर निम्मी घरे बंद. बदल कसा करायचा?
— बार्देश

घरपट्टीच्या नोंदीत घरे असतात, कुटुंबे नसतात. एका घरक्रमांकात तीन चुली असू शकतात आणि भाड्याने राहणारी कामगार कुटुंबे त्या नोंदीत दिसतच नाहीत. मतदारयादी घेतलीत तरी ती सुटतातच. म्हणून नोंद आधाराला घ्या, पण एकदा सगळा वाडा चालून स्वतःची चुलीनिहाय यादी करा. समजा ४२० चुली निघाल्या. ४२० भागिले ६० म्हणजे ७. एक ते सातमधून चिठ्ठीने एक आकडा काढा, तिथून दर सातवी चूल.

बंद घरांसाठी नियम आधी लिहून ठेवायचा : वेगवेगळ्या वेळी तीन भेटी, तरीही बंद तर उजवीकडची पुढची चूल. नियम नंतर ठरवला तर परीक्षक विचारतो, आणि विचारायलाच हवे. बंद घरांची संख्या टाकून देऊ नका. किती घरे कुलूपबंद, माणसे मुंबईला की परदेशात, हा तक्ता प्रबंधात द्या. काही वाड्यांत हीच सगळ्यात मोठी माहिती ठरते.

प्रश्नावली ३० प्रश्नांच्या आत, ४० मिनिटांच्या आत. आधी पाच घरांत चाचणी, ती पाच घरे साठात धरायची नाहीत. मुलाखती कोकणीतूनच होतील. तासाभराचे ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून सगळ्या साठ मुलाखती मुद्रित करू नका, आठ-दहा पुरेत. ‘मुंडकार’ (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), ‘भाटकार’ (जमीनमालक), ‘मानस’ असे शब्द इंग्रजीत बदलून टाकू नका. तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्थ द्या.

ग्रामसभेचा अभ्यास करायचा असेल तर नियमित सभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी भरतात. खास सभा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला. तुम्ही जिथले मतदार नाही अशा गावाच्या सभेत बसायचे तर सचिवाची परवानगी घ्या. जुनी इतिवृत्ते माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज प्रबंधाच्या पहिल्या महिन्यात टाका, शेवटच्या नव्हे.

ही पदवी घेऊन गोव्यात नोकरी कुठे?
— काणकोण

सरकारी जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे असल्यास बरे, आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, हे तीन मुद्दे पदवीइतकेच महत्त्वाचे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिला एमएत ५५ टक्के हवेत (राखीव गटांना ५०). म्हणून ‘पास झालो की झाले’ असे समजून पहिल्या वर्षी गुण सोडू नका, ते नंतर भरून निघत नाहीत.

खासगीत जागा निर्माण होतात त्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे : ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तिथे मुलाखतीत सिद्धान्त कुणी विचारत नाही. अंदाजपत्रक करता येते का, खर्चाचा अहवाल लिहिता येतो का, आणि वाड्यावर बैठक घेता येते का, हे विचारतात. वरच्या नकाशांची आणि तक्त्यांची फाइल सोबत न्या.

प्रबंध मराठीत लिहिला, विद्यापीठाच्या साहित्यचौर्य तपासणीत फाइल ‘वाचता येत नाही’ म्हणून परत आली.
— साखळी

तुम्ही जुन्या टंकाक्षरांत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लिहिले असणार. छापखान्यात तो फाँट चालतो, पण तपासणीच्या यंत्राला त्यात निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग सगळा मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, ‘क्ष’ आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, तक्त्यांतले आकडे कधीकधी अक्षरे होऊन बसतात. साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते. कायद्यांची कलमे आणि शासकीय योजनांची वर्णने जशीच्या तशी उतरवली की तो आकडा नकळत चढतो, ती आपल्या शब्दांत लिहा आणि अवतरण घेतले तर अवतरणचिन्हांत घ्या. पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहा. आठवडाभर बोटे अडखळतात, मग सरावतात.